शाळेची घंटा आणि यमाईचं कवठे

आमच्या सासरची कुलदेवता कवठ्याची यमाई. लग्नानंतर जोडीनं जाऊन आले तेवढंच. पुढे मुलं, शाळा, आजारपणं यांत ओटी भरायची राहूनच गेली. परवा मात्र मनाशी पक्कं ठरवलं आणि निघाले.

खरं सांगू का मैत्रिणींनो, मन जरा खट्टू होतं. धाकटा पहिलीला गेल्यापासून मी नोकरीच्या शोधात आहे. दोघंही शाळेत गेली की चार वाजेपर्यंत घर अगदी सुनं होऊन जातं. एका ठिकाणी मुलाखतीपर्यंत मजल गेली. साहेब म्हणाले, "मॅडम, काम तुम्हाला जमेल, पण आम्हाला संध्याकाळी सातपर्यंत माणूस हवा." सातपर्यंत! चारला दारात येऊन उभी राहणारी पोरं मी कुणाच्या हवाली करू? "मग नको ना करूस नोकरी," हे म्हणाले. वाक्य साधंच, पण मला लागलं.

पुण्याहून एसटी धरली. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे एकटीनं निघायला बायकांना जरा धीर आलाय. रांजणगावच्या महागणपतीला गाडीतूनच हात जोडले. जुनी माणसं अजून ज्याला घोडनदी म्हणतात त्या शिरूरला गाडी बदलली.

शिरूर तालुक्याचा हा भाग घोड आणि कुकडी या दोन नद्यांच्या मधला. म्हणून इकडे त्याला 'बेट' म्हणतात. टाकळी हाजीच्या बाजूला कुकडीच्या पात्रात खडक कोरून पाण्यानं केलेले रांजणखळगे आहेत, ते बघायला लांबून लोक येतात. पलीकडच्या काठावर निघोज, म्हणजे पारनेर तालुका. मुळात हा दुष्काळी मुलूख. धरणांचं पाणी आलं आणि ऊस, कांदा दिसू लागला.

गाडीत शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली. "पोरगं झोळीत, झोळी बाभळीला. रडलं की हातोडा खाली ठेवायचा," त्या म्हणाल्या. त्याच दुष्काळी कामांतून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. आजींना कायद्याचं ठाऊक नव्हतं, पण मजुरी खडीच्या मापावर मिळायची हे चांगलं आठवत होतं. "जितकी फोडशील तितकं. पोराला पाजाया गेलं तर कुणी बोलत नव्हतं, पर माप कमी भरायचं."

देवळात जाऊन ओटी भरली. यमाई या नावाची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली: देवानं देवीला "ये माई" अशी हाक मारली, तेच तिचं नाव झालं. गावात लोककलेचीही मोठी परंपरा. तमाशासाठी वग आणि गाणी लिहिणारे शाहीर बशीर मोमीन कवठेकर इथलेच. ते २०२१ मध्ये वारले. विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा शासनाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला होता. विठाबाईंची ती हकिकत तुम्हीही ऐकली असेल. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या, असं सांगतात. आपण त्यांच्या जिद्दीचं कौतुक करतो. माझ्या मनात मात्र आलं, की बाईनं काम करायचं तर तिच्या कामानं तिच्या लेकराकडे कधीच बघायचं नाही का?

याचं उत्तर मला त्याच दिवशी दोन बायकांनी दिलं.

पहिली भेटली ती शाळेत आहार शिजवणारी ताई. शाळा सुटायची वेळ होती, मोठी पातेली घासून उपडी घातलेली. १५ ऑगस्ट १९९५ ला ही योजना सुरू झाली तेव्हा मुलांना घरी तांदूळ मिळायचे. शाळेतच खिचडी शिजायला लागली ती पुढे, आणि गावोगावच्या बायकांना काम मिळालं. २५ मुलांपर्यंत एक बाई, १०० पर्यंत दोन आणि पुढच्या दर शंभराला आणखी एक, असा हिशेब असतो. ताई म्हणाली, "पोरं आली की आमी आलो, पोरं सुटली की आमी सुटलो. सुट्टीबी संगंच." अगदी माझ्या मनातली नोकरी! पण लगेच पुढे म्हणाली, "पर सुट्टीत मानधन न्हाई, आन मिळतं ते बी तुटपुंजं." केंद्रानं २००९ मध्ये महिना एक हजार रुपये ठरवले, तेही वर्षातले दहाच महिने. राज्यं आपापली भर घालतात, तरी त्याला पगार म्हणायला जीभ रेटत नाही. वेळ सोयीची असली की दाम कमी, हा नियम शहरात काय नि खेड्यात काय, सारखाच.

दुसरी भेटली ती कांद्याच्या वावरातून परतणाऱ्या टोळीतली. आठ-दहा जणी एकत्र चालल्या होत्या. काम उक्तं घेतात, म्हणजे रोजावर नाही, एवढ्या रानाचे एवढे पैसे. त्यामुळे कधी यायचं, कधी थांबायचं हे त्याच ठरवतात. मुलं शाळेत गेली की जायचं आणि शाळा सुटायच्या आत परतायचं. "एवढी घाई कशाला गं?" मी सहज विचारलं. ती थांबली. म्हणाली, "बिबट्या."

मी गप्पच झाले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जवळच्या पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत बिबट्यानं तीन जीव घेतले. त्यांत दोन लेकरं होती आणि एक म्हातारी बाई. उसात दडायला जागा मिळते म्हणून बिबटे वाढले. पिंपरखेडची माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होती, ती छायाचित्रं आपण पाहिलीच. मी ज्याला सोयीची वेळ म्हणत होते, ती या बायकांना जिवाची वेळ होती.

पण त्यांनी काम सोडलं नव्हतं, सावड धरली होती. टोळीतली एक जण पाळीपाळीनं घरी राहते, सगळ्यांची पोरं शाळेतून आणते, खाऊ घालते. तिचा वाटा उक्त्यातून तिला मिळतोच. "पोरं सांभाळणं हे बी कामच की," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत मला लिज्जत आठवलं. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. सकाळी केंद्रावरून भिजवलेलं पीठ न्यायचं, घरी सवडीनं लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड परत द्यायचे. मजुरी मापावर. तिथेही युक्ती तीच: तास विकायचे नाहीत, केलेलं काम विकायचं, आणि एकटीनं नाही, जुटीनं.

तुमच्यापैकी कुणी अशा कामाच्या शोधात असेल, तर मला सुचलेलं सांगते. मोबदला वेळेवर आहे की कामावर, हे आधी विचारा. मे महिन्यात आणि दिवाळीत पैसे मिळणार का, ते विचारा. जाण्यायेण्याचा वेळ कामाच्या वेळेत धरा. आणि मूल तापानं फणफणलं त्या दिवशी तुमच्या जागी कोण, हे काम घेण्याआधी ठरवा. हे शेवटचं ठरलं नाही, तर बाकी सगळं कोलमडतं.

घरी आल्यावर शेजारच्या दोघींना चहाला बोलावलं. एक शिवण उत्तम करते, एकीला हिशेब येतात, मला पोळीभाजीचे डबे जमतील. कुणाचं मूल कुठल्या वारी कुणाकडे, याचा कागद आधी केला. काम काय करायचं ते नंतर ठरवलं. सुरुवात पाच डब्यांनी झाली आहे. हे आता विचारतात, "आज डबे किती?"

चार वाजता धाकट्याची "ए आई" अशी हाक येते, तेव्हा मी घरी असते. आणि माझी पाळी नसेल तेव्हा शेजारची असते.