विंगेतलं मुंडासं

दिवे गेले, पण अंधार आलाच नाही. घनसावंगी तालुक्यातल्या एका गावची जत्रा, ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून केलेलं आमच्या नाटकाचं स्टेज. रहाटपाळण्याचे बल्ब, भेळेच्या गाड्यावरचा दिवा आणि वर चैत्री पुनवेचा चंद्र. प्रवेश बदलायला काळ्या शर्टातले आम्ही दोघं सिंहासन उचलून निघालो, तोच पुढच्या रांगेतलं पोरगं ओरडलं, “ओ बाबा, सिंहासन चोरू राहिले!” मांडव हसून लोळला.

काळं घातलं की माणूस दिसत नाही, हे आम्ही नाट्यगृहात शिकलो होतो. जपानी काबुकीत काळे कपडेवाले भर उजेडात वावरतात आणि प्रेक्षक त्यांना ‘नाहीत’ असं धरतो. आमच्या जत्रेशी तसं काही ठरलेलं नव्हतं. तिला तमाशा ठाऊक. तिथं ढोलकीवाला, हलगीवाला, सुरत्ये कुणी लपत नाहीत. फेटे बांधून उजेडात उभे असतात. 1972 च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये तर ब्राह्मणांची रांगच पडदा झाली.

संस्कृतात नेपथ्य म्हणजे पडद्यामागची जागा, आणि वेशभूषासुद्धा. मराठीत आपण त्याचा सेट केला. सामान वाहणाऱ्यानं अंगावर काय घालावं, हे विचारायची गरज त्या जुन्या शब्दाला पडली नसावी.

पुढच्या गावी दिग्दर्शक सरांनी आम्हाला मावळ्यांचे कपडे दिले. कुणी हसलं नाही. सिंहासन जागेवर ठेवलं, आणि माझ्या जोडीदारानं परत फिरताना रिकाम्या सिंहासनाला वाकून मुजरा केला. संहितेत नसलेला. टाळ्या पडल्या! सर विंगेत दात-ओठ खात होते. मला मात्र तो नाटकातला सर्वांत खरा क्षण वाटला.

तरी खरं सांगतो, मुंडासं बांधल्यापासून माझे हात संथ झाले. कुणी बघतंय हे खांद्यांना कळायचं. काळ्या शर्टात नाक खाजवता येतं, घाईत पळता येतं, चुकलेली खुर्ची पायानं सरकवता येते. म्हणून माझं मत असं: अंधार आपल्या हातात असेल तिथं काळाच शर्ट बरा, आभाळाखाली मुंडासं.

जत्रांचा हंगाम संपल्यावर कपडेपटवाल्याचा हिशेब आला. त्यानं आम्हा दोघांना पात्रांमध्ये धरून भाडं लावलं होतं.