डग्गा कुठे गेला?

गेल्या पावसाळ्यात माझ्या हेडफोनच्या गाद्यांनी मान टाकली. म्हणजे वरचं काळं कातडं पापुद्र्यापापुद्र्याने सुटायला लागलं. मीटिंग संपवून उठलो की कानावर, दाढीत, कॉलरवर काळा चुरा. शेजारच्या टेबलवाल्याने दोन दिवस सहन केलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "कोळशाच्या वखारीत पार्ट टाइम लागलास का रे?"

हे कातडं खरं कातडं नसतंच. कापडावर चढवलेला पॉलीयुरेथेनचा थर असतो तो. दमट हवा आणि घाम यांतलं पाणी त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत राहतं. यालाच हायड्रोलिसिस म्हणतात (बारावीचं रसायनशास्त्र शेवटी कामी आलं!). आपल्याकडच्या हवेत तर नुसत्या कपाटात पडून राहिलेल्या गाद्याही सुटतात.

म्हटलं, आता नवीन घ्यायच्याच तर व्हेलूरच्या घेऊ. व्हेलूर म्हणजे मखमलीसारखं कापड. हवा खेळती राहते, कान उकडत नाहीत, आणि मी चष्मेवाला असल्यामुळे काडी कानामागे रुतणं हा रोजचा ताप. घातल्या आणि पहिल्याच दिवशी सुख म्हणजे काय ते कळलं. चार तास घालून बसलो, घाम नाही, ठणका नाही. आवाज जरा "मोकळा" वाटत होता, पण तेही आवडलंच.

आता खरी गोष्ट.

आमचे अण्णा, म्हणजे आईचे वडील, तबला वाजवायचे. व्यवसाय नव्हे, हौस. गावातल्या भजनाला, कधी कुणाच्या बैठकीला. त्यांच्या वाजवण्याची एकच कॅसेट शिल्लक आहे. ती संगणकावर उतरवून देईन असं मी आईला दोन वर्षं सांगत होतो, ते एका शनिवारी शेवटी केलं. ऐकतो तर चाटीचा ना, ता, तिरकिट सगळं स्पष्ट, आणि डग्गा जवळजवळ गायब! घुमारा नाहीच. वाटलं, कॅसेट जुनी, टेप खराब झाली असणार. मग काय, सॉफ्टवेअरमध्ये खालचे स्वर चांगले बारा डेसिबलने चढवले, फाइल सेव्ह केली आणि आईला, मावशीला, मामाला पाठवून दिली. वर आईला फोन करून सांगितलं, की कॅसेटमध्ये आता काही राम उरला नाही, टाकून दिलीस तरी चालेल.

संध्याकाळी आईचा फोन. तिने ते हॉलमधल्या स्पीकरवर लावलं होतं.

"अरे, हे अण्णा डग्गा वाजवतायत की कुणी दार बडवतंय?"

मी टेप, चुंबकीय कण, वय वगैरे समजावायला लागलो. तिने मध्येच तोडलं. "तुझ्या कानांचं काय ते बघ आधी. अण्णांच्या हाताला काही झालेलं नाही."

जुन्या गाद्या मी टाकल्या नव्हत्या (इंजिनिअर माणूस, खणात ठेवलेल्या). त्या परत चढवल्या, तीच फाइल लावली आणि कान अक्षरशः हादरले. डग्गा टेपमध्ये होता. माझ्या नव्या गाद्यांमधून तो गळत होता.

कसा, ते सायकलच्या पंपावर सांगतो. पंपाच्या तोंडावर बोट जरा सैल धरा. दांडा हळू दाबलात तर हवा फटीतून निघून जाते, दाब तयार होत नाही. झटक्यात दाबलात तर हवेला निसटायला वेळच मिळत नाही, बोटाला दाब जाणवतो. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये पडदा, गादी आणि कान मिळून अशीच एक छोटी कोठडी होते. वरचे स्वर म्हणजे झटपट कंपनं, ती फटीला दाद देत नाहीत. खालचे स्वर म्हणजे सावकाश कंपनं, ती गळून जातात. व्हेलूर हवा आरपार जाऊ देतं, हाच त्याचा गुण आणि हाच दोष. चष्म्याची काडीसुद्धा अशीच फट पाडते.

म्हणजे व्हेलूर वाईट असं नाही हं. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो बंद पाठीचा असूनही व्हेलूरच्या गाद्यांसकटच येतो, पण त्याची रचनाच ती गृहीत धरून केलेली असते. गादी बदलली की नुसती उशी नाही, स्पीकरच्या खोक्याची एक भिंत बदलते. जाडी बदलली तरी फरक पडतो. गादी चेपली की कान पडद्याच्या जवळ जातो आणि वरचे स्वर वेगळे लागतात, शिवाय पाळी आतल्या जाळीला टेकून दुखते ते वेगळंच.

आणि एक गोष्ट मला तेव्हा लक्षातच आली नव्हती. त्या दोन महिन्यांत माझा आवाजाचा काटा हळूहळू वर सरकला होता. बाहेरचा गोंगाट जास्त आत येत होता, खालचा आवाज कमी पडत होता, म्हणून मी आपला वाढवत होतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा सांगते. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०. आमचा दिवस तर हेडफोनमध्येच उगवतो नि मावळतो.

तुम्हाला तपासायचं असेल तर सोपं आहे. ५० हर्ट्झचा एक सूर बेताच्या आवाजात लावा आणि दोन्ही वाट्या हातांनी हलकेच दाबा. सूर एकदम मोठा झाला, तर गळती आहे असं समजा.

मी शेवटी संमिश्र गाद्या घेतल्या. गालाकडची बाजू कापडी, कडा कातड्याच्या, आत चष्म्याच्या काडीभोवती बसणारा मऊ मेमरी फोम. व्हेलूरइतक्या थंड नाहीत, मे महिन्यात घाम येतोच. पण डग्गा आहे.

राहिली कॅसेट. मी बदललेली फाइल मूळ फाइलवरच सेव्ह केली होती. ऑफिसात बॅकअपवर प्रवचनं देणारा मी! धडधडत्या छातीनेच आईला फोन केला.

"टाकलीस का गं?"

"तू सांगितलंस म्हणून टाकते की काय," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी घरी जाऊन ती पुन्हा उतरवली. यावेळी एकाही स्वराला हात लावला नाही. हेडफोन आधी आईच्या कानांवर चढवला. तिने दोन्ही वाट्या हातांनी घट्ट धरल्या आणि बाजू संपेपर्यंत सोडल्या नाहीत.