भुशीच्या पाण्यापाशी

आमच्या बैठकीच्या खोलीतल्या शोकेसमध्ये एक फोटो होता. 2019च्या पावसाळ्यातला. लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या अंगाला डोंगरातून धबधबा उतरतो. त्याच्या प्रवाहात मधोमध एका खडकावर आम्ही पाचजण उभे आहोत. अम्मींचा बुरखा चिंब भिजलेला, तीन वर्षांची धाकटी कडेवर, दहा वर्षांचा मोठा दोन बोटे वर करून हसतोय. फोटो कुणा अनोळखी माणसाने काढून दिला होता. घरी येणारा प्रत्येक पाहुणा तो हातात घेऊन बघायचा आणि म्हणायचा, "माशाअल्लाह, काय जागा आहे!"

30 जून 2024, रविवार. त्याच धबधब्यात हडपसर भागातले एक मुस्लिम कुटुंब पाण्यात अडकले. एकमेकांना घट्ट धरून उभे होते, पाणी चढत गेले, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते वाहून गेले. काहीजण वाचले. एक स्त्री आणि चार मुले, असे पाच जीव गेले. लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'चे स्वयंसेवक आणि नौदलाचे पाणबुडे शोध घेत राहिले. तो व्हिडिओ त्या रात्री कुणाच्या मोबाईलवर आला नाही? आमच्याही आला. तोच खडक होता की शेजारचा, हे आम्हाला आजही सांगता येणार नाही. पण आम्ही सगळे उठून शोकेसपाशी गेलो होतो, आणि कुणी काही बोलत नव्हते. अम्मींनी फोटो काढला आणि कपाटात, साड्यांच्या खाली, पालथा घालून ठेवला.

पुढचे काही दिवस मोहल्ल्यात दुसरा विषय नव्हता. जो तो म्हणायचा, "लिहिलेलं होतं, वेळ आली होती." आम्हीही म्हणालो. मय्यतीच्या घरी दुसरे म्हणायचे तरी काय असते? बाहेरचे काही लोक मोबाईलवर जे लिहीत होते, त्यापेक्षा हे लाख पटीने बरे. ते त्या कुटुंबाला बेफिकीर म्हणत होते. आम्हाला ठाऊक होते की ते आमच्यासारखेच होते. पाच वर्षांपूर्वी पाणी चढले नाही, एवढाच काय तो फरक.

मात्र हळूहळू आमच्या घरात 'लिहिलेलं आहे ते होणार' हे वाक्य कशालाही चिकटू लागले. मोठा हेल्मेट न घालता निघाला की तेच. अम्मींची ब्लडप्रेशरची गोळी राहिली की तेच.

2025च्या जुलैत अम्मी स्वतःच म्हणाल्या, "एकदा तिकडे जाऊन दुआ करून येऊ या." मोठ्याला सहल हवी होती, धाकटीला चिक्की. आम्ही मुद्दाम मंगळवार निवडला, रविवारी लोणावळ्यात पाय ठेवायला जागा नसते. शिवाजीनगरहून सकाळची लोकल पकडली.

गाडीत नेहमीचा वाद सुरू झाला. लोणावळ्याला नमाज कसर करायची की पूर्ण? अम्मी माहेरच्या कोकणी, रत्नागिरीकडच्या, त्यामुळे शाफई. लग्न होऊन या घरात आल्या, पण आपला मजहब त्यांनी सोडला नाही, आणि कुणी सोडायला सांगितलाही नाही. बाकी आम्ही हनफी. त्यामुळे आमच्या घरात असरची वेळ रोज दोनदा होते, आधी अम्मींची आणि नंतर आमची. मधल्या वेळात चहा होतो. कसरसाठी हनफी हिशोबाने साधारण 77-78 किलोमीटरचे अंतर लागते, शाफई हिशोबाने 81च्या आसपास. पुणे ते लोणावळा रेल्वेने 64. म्हणजे दोन्हीकडून आम्ही मुसाफिर ठरत नाही. "इतकं बसून कंबर मोडली, तरी मुसाफिर नाही!" अम्मी म्हणाल्या, आणि समोर बसलेल्या कॉलेजच्या मुली हसल्या.

तळेगाव सोडले की मावळ उघडतो. कान्हे, कामशेतच्या दोन्ही बाजूंना भाताची लावणी चालली होती. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका, डोक्यावर इरली आणि प्लास्टिकचे कागद. इंद्रायणी तांदूळ इथलाच, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला. बिर्याणीला तो चालायचा नाही, चिकट होतो, पण खिचडीला त्यासारखा दुसरा नाही. मळवलीला डावीकडे लोहगड आणि विसापूर ढगांत अर्धे बुडालेले दिसले. लोहगडावर दर्गा आहे. अम्मींचे गुडघे साथ देत होते तेव्हा एकदा आम्ही चढलो होतो. त्यांनी खिडकीतूनच हात उचलून फातिहा पढली.

लोणावळ्याला उतरलो तेव्हा बारीक भुरभुर होती. रिक्षाने भुशीला गेलो. हे धरण तसे लहान. घाटात वाफेची इंजिने धावत होती त्या काळात त्यांना पाणी मिळावे म्हणून रेल्वेने बांधलेले. इंद्रायणी याच डोंगरांत उगम पावते आणि पुढे देहू, आळंदीला जाते. धरण भरले की पाणी पायऱ्यांवरून ओसंडते आणि लोक त्या पायऱ्यांवर बसून भिजतात. मागच्या धबधब्याच्या वाटेवर दोर बांधलेला होता आणि रेनकोट घातलेला एक पोलीस उभा होता. अम्मी दोरापाशीच थांबल्या. खूप वेळ दुआ मागत राहिल्या. धाकटीनेही हात उचलले होते. तिला किती समजले होते कोण जाणे.

इथपर्यंत सगळे ठीक होते. मग मोठ्याने बूट काढले. पलीकडे, दोराच्या कडेने, ओढ्यातून चार-पाच पोरे वर चढत होती. "मी जाऊन येतो, पाचच मिनिटं," तो म्हणाला. आम्ही नाही म्हणालो. त्याने पुन्हा विचारले, आम्ही पुन्हा नाही म्हणालो, या वेळी जरा ओरडून. तेव्हा सोळा वर्षांचा तो मुलगा आमच्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "तुम्हीच म्हणता ना, लिहिलेलं असतं ते होणारच? मग घरी बसूनही होईल."

आमच्यापाशी उत्तर नव्हते. वाक्य आमचेच होते. आमच्यातल्या एकाचा हात उचलला गेला होता, दुसरीने तो धरला.

तेवढ्यात अम्मी म्हणाल्या, "जुहरची वेळ झालीय."

जवळ भाजलेली कणसे विकणाऱ्या एका मावशींची शेड होती. बांबूवर निळी ताडपत्री. अम्मींनी विचारले, "मावशी, इथे नमाज पढू का? दहा मिनिटं." मावशींनी कणसांची पाटी उचलून बाजूला ठेवली, जमीन ओली म्हणून दोन रिकामी पोती पसरली आणि शेगडीचा धूर आमच्याकडे येऊ नये म्हणून ती दुसऱ्या टोकाला ओढली. बाटलीभर पाण्यात पाचजणांचे वुजू झाले. चारही बाजूंनी पाणी कोसळत असताना आम्ही बाटलीतले पाणी जपून वापरत होतो, याचे धाकटीला हसू येत होते.

छोटीशी जमाअत झाली. मोठा उजव्या बाजूला उभा राहिला, रागातच, पण उभा राहिला. अम्मी, धाकटी आणि तिची आई मागे. जुहरची किराअत मनातल्या मनात असते. त्यामुळे चार रकअतींत ऐकू येत होते ते फक्त पाणी. आणि मधूनमधून पोरांच्या आरोळ्या. प्रत्येक आरोळीला छातीत धस्स होत होते. ही मजेची की मदतीची? खुशू कसला आणि काय कसले. पण तिथेच, दुसऱ्या रकअतीत, लहानपणी मदरशात शिकलेला एक मसला आठवला. नमाजी नमाजीत असताना कुणी बुडत असेल आणि त्याला वाचवणे शक्य असेल, तर नमाज तोडून त्याला वाचवणे वाजिब आहे. उस्तादांनी उदाहरण बुडणाऱ्याचेच दिले होते. आम्ही पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि विसरलो. ज्या शरियतने नमाजीला बुडणाऱ्यासाठी अल्लाहपुढची नमाज तोडायला सांगितले, ती काठावर उभ्या असलेल्या बापाला 'लिहिलेलं असतं' म्हणून गप्प बसायला कशी सांगेल? सलाम फेरला तेव्हा राग उतरला होता. उत्तर पुरते सापडले नव्हते, पण आवाज खाली आला होता.

कुरआनात हजरत लुकमान यांना हिकमत दिल्याचे सांगून लगेच पुढे येते ते त्यांचे आपल्या मुलाशी बोलणे. त्या बोलण्याची सुरुवात लाडाच्या हाकेने होते, आणि आवाज खाली ठेवावा हेही त्यातच येते. ही सूरह आम्ही किती वेळा पढलो असू. मुलाशी बोलताना मात्र ती शेडखालीच आठवली.

बोलल्या मात्र अम्मी. कणीस सोलता सोलता त्यांनी नातवाला हजरत उमर (रजि.) यांची गोष्ट सांगितली. खलीफा असताना ते शामकडे निघाले होते. सर्ग नावाच्या ठिकाणी पोहोचले तेव्हा पुढे ताऊनची, म्हणजे प्लेगची साथ पसरल्याचे कळले. त्यांनी सोबतच्या मुहाजिरांचा, अन्सारांचा, कुरैशच्या वडीलधाऱ्यांचा सल्ला घेतला आणि परत फिरायचे ठरवले. तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की अल्लाहच्या तकदीरपासून पळता आहात का. उमर (रजि.) यांचे म्हणणे असे होते की हो, एका तकदीरपासून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे. मग त्यांनी उंट चारणाऱ्याचे उदाहरण दिले. दरीची एक बाजू हिरवी आहे, दुसरी उजाड. उंट कुठेही चारला तरी ते अल्लाहच्या तकदीरनेच, पण शहाणा माणूस हिरव्या बाजूला जाईल.

"म्हणजे परत फिरणंही लिहिलेलंच?" मोठ्याने विचारले.

"मग? तू कणीस खातोयस तेही लिहिलेलंच. सोललं मात्र मी."

तो हसला. पटले असे म्हणवत नाही. त्याने पुन्हा त्या पोरांकडे पाहिले, आणि मग आमच्याकडे न बघता मावशींना विचारले, "इथं पाणी अचानक येतं म्हणजे कसं येतं?"

मावशींनी त्याला शेडच्या कडेला नेले आणि वर डोंगराकडे बोट दाखवले. "पाऊस हितला बघायचा न्हाई. वर पडतोय का ते बघायचं. हितं ऊन असलं तरी वर कोसळला की थोड्या वेळात पाणी खाली येतं. आधी पाण्याचा रंग बदलतो, गढूळ होतं. मग पाला, काटक्या वाहत येत्यात. आवाज जड होतो. तवा पळायचं, चपला शोधत बसायचं न्हाई." मग जरा थांबून म्हणाल्या, "मागच्या वर्षी लई हाका मारल्या लोकांनी. पाण्याच्या आवाजात ऐकू जात न्हाई, बाबा."

तो बराच वेळ तिथेच उभा होता, ओढ्याकडे बघत. पाणी तेव्हा स्वच्छ होते. थोड्या वेळाने पोलिसाची शिट्टी वाजली आणि ती पोरेही खाली आली, हसत, थरथरत. काही झाले नाही. त्यांनी मावशींकडून कणसे घेतली. आम्हालाही हायसे वाटले, आणि मोठ्याला कदाचित थोडे वाईटही. आपण गेलो असतो तरी काही झाले नसते, असे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. खरेच झाले नसते. 2019 सालीही झाले नव्हते.

मावशींनी पोत्यांच्या जागेचे पैसे घेतले नाहीत. अम्मींनी दोन डझन कणसे घेतली, ती आम्ही पुढचे चार दिवस खात होतो.

परतीच्या लोकलमध्ये अम्मींची असर सीटवर बसूनच झाली, आमची घरी. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पुण्यात जेमतेम सातशे-आठशे. डोंगर उतरू लागलो तसा तो विरळ होत गेला, आणि तळेगावला तर ऊन होते. बेगडेवाडी स्टेशन आले तेव्हा डब्यात कुणीतरी कुंडमळ्याचे नाव काढले. तिथून जवळच, याच इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल 15 जूनच्या रविवारी माणसांच्या गर्दीसकट कोसळला आणि चौघे गेले. डब्यातला एकजण म्हणाला, "नशीब त्यांचं." मोठ्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही काही बोललो नाही. तो म्हणाला, "पूल जुना होता ना?" तो माणूस म्हणाला, "होता की." मग दोघे त्याच्यावर चिंचवडपर्यंत बोलत होते.

घरी आल्यावर अम्मींनी कपाटातून फोटो काढला. शोकेसमध्ये परत ठेवला नाही. अल्बममध्ये लावला, आणि आता कुणी अल्बम मागितला की तोही दाखवतात आणि कुठला, कधीचा, हे सांगतात.

पुढच्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमधली दोन कुटुंबे मुळशीकडे निघाली. मोठ्याने आदल्या रात्री बिल्डिंगच्या ग्रुपवर मावशींनी सांगितलेले लिहून टाकले. डोंगराकडे बघा, रंग बघा, आवाज ऐका, चपला शोधू नका. खाली 'इन्शाअल्लाह भेटू' असेही लिहिले. एका चाचांनी अंगठा दाखवला, बाकी कुणी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रुपवर त्यांचा फोटो आला. काठापासून बरेच मागे, सतरंजीवर नऊजण बसलेले, मध्ये डबे, मागे पाणी. मोठ्याने तो दोन बोटांनी मोठा केला आणि आधी पाण्याचा रंग पाहिला.