काडेपेटीतली पाखरं

लोणखेड्याच्या आमच्या शिवारात कपाशीला कामगंध सापळे लागायचे ते गुलाबी बोंडअळीसाठी. ल्युरला मादीचा गंध, त्याला भुलून नर पतंग येतात आणि खालच्या पिशवीत अडकतात. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन दिवस भरले की फवारणीचं बघायचं, असा हिशेब. मोजदाद आमच्या सालदारांकडे होती. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. अक्षरओळख सहीपुरती.

दादा पिशवी पोत्यावर उलटी करत आणि बाभळीच्या काट्याने एकेक पाखरू सरकवत. मला सगळी सारखीच दिसत, मातकट आणि बोटाच्या पेरापेक्षा लहान. त्यातली काही ते बाजूला काढत. "हाई ते नही शे, भाऊ." का नाही? तर खऱ्या पाखराच्या तोंडापुढे दोन बारीक शिंगं असतात, वर वळलेली. बाजूला काढलेल्यांची शिंगं सरळ पुढे, चोचीसारखी. चुकीचं पाखरू हिशेबात आलं तर औषधाचा खर्च विनाकारण, एवढंच त्यांचं शास्त्र. त्यांनी टाकलेली पाखरं मी काडेपेटीत जमवू लागलो.

पुढे कॉलेजात कळलं की त्या शिंगांना ओष्ठस्पर्शक म्हणतात, आणि वर वळलेले, टोकदार ओष्ठस्पर्शक ही गेलेकिइडी कुळाची ठळक खूण आहे. गुलाबी बोंडअळी याच कुळातली. तिला नाव मिळालं तेही आपल्या शेजारच्या मुलखातून. भडोचच्या सरकारी कापूस मळ्यावरून विलायतेला गेलेल्या नमुन्यांवरून सॉन्डर्स यांनी 1840च्या दशकात तिचं वर्णन केलं.

भारतातल्या पतंगांवर हॅम्पसन यांचे चार खंड 1892 ते 1896 या काळात निघाले, पण ते पायरॅलिड कुळापाशी थांबले. त्याहून बारीक पाखरांचा पसारा उरला. तो बराचसा एका शाळामास्तराने आवरला. एडवर्ड मेरिक इंग्लंडात मार्लबरोला शिकवत. कारवारहून मॅक्सवेल, बिहारमधल्या पुसाहून फ्लेचर अशी माणसं नमुने पाठवत आणि मेरिक भिंगातून बघून दोन-चार ओळींत नवी जात नोंदवत. जगभरच्या मिळून चौदा हजारांवर नावं त्यांनी दिली. फ्लेचर यांनी त्यात 1920 मध्ये अळ्यांची जीवनचक्रं जोडली. कुठली अळी कशावर जगते हे त्यातून कळू लागलं, आणि शेतकऱ्याला खरी गरज त्याचीच.

मेरिकवर आम्ही पतंग अभ्यासणारी मंडळी कुरकुरतो. जात ठरवायला पतंगाची जननेंद्रियं तपासणं त्यांना मान्य नव्हतं आणि आज त्यावाचून पान हलत नाही. पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ करायचं, सुईने खवले नि चरबी काढायची, उरलेला पारदर्शक सांगाडा काचपट्टीवर पसरायचा. श्वास जोरात सोडला तरी उडून जातो! मेरिकच्या नमुन्यांचं हे काम क्लार्क यांना करावं लागलं. 1955 पासून 1970 पर्यंत आठ खंड निघाले, छायाचित्रांसकट. ते उघडे ठेवूनच आजही आम्ही आमची पाखरं ताडून बघतो. तरी माझ्या मते कुरकुर अर्धवटच आहे. त्या दोन-चार ओळी नसत्या तर ताडायचं कशाशी?

मेरिकच्या वर्णनात जातीच्या नावाखाली गाव येतं आणि कंसात नमुना धाडणाऱ्याचं नाव. तेवढ्यामुळे कारवारचे मॅक्सवेल आजही आमच्या बोलण्यात येतात. काडेपेटीतल्या पाखरांपैकी जी धड राहिली होती, ती मी अलीकडे टाचणीवर लावून पेटीत घातली. खालच्या चिठ्ठीवर लिहिलं: लोणखेडा, कपाशी, कामगंध सापळा. संग्राहकाच्या जागी दादांचं नाव टाकलं. माझं ऋण तेवढ्याने फिटण्यातलं नाही, पण नोंद तरी बरोबर असावी.

सुट्टीत गेलो तेव्हा त्यांना हे सांगितलं. ओट्यावर बसून तंबाखू मळत होते.

"नाव टाकाना रोज भेटी का?" म्हणाले.