घमेल्यातले बुडबुडे

कराडचा रस्ता कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला मुंबई–गोवा हायवेला मिळतो, तो बहादूरशेख नाक्यावर. तिथं पत्र्याच्या एका खोपटात अण्णाचं पंक्चरचं दुकान होतं. 1996 पासून मी त्याच्याकडं जात होतो. त्याचं नाव मला कळलं 2011 साली, आणि तेही मी विचारलं म्हणून नव्हे. आपल्याकडं अण्णा म्हणजे वडीलधारा माणूस. पण पंक्चरवाल्याला हाक मारताना त्या शब्दात वडीलधारं काही उरत नाही. तो माझ्याहून बारा-चौदा वर्षांनी मोठा होता, आणि मी त्याला 'तू' म्हणत होतो.

मी तेव्हा एका औषध कंपनीत एमआर होतो. मुक्काम कराड, आणि पाटण, कोयनानगर, चिपळूण हा माझा पट्टा. नवी स्प्लेंडर, खांद्याला सॅम्पलची बॅग आणि गाडी आपल्याला चालवता येते असा पक्का समज. किक मारली, गिअर टाकला की झालं, यापलीकडं गाडीत काही असतं हे मला माहीत नव्हतं. टायर म्हणजे काळं, गोल, खाली असणारं काहीतरी.

ऊस तोडणीच्या दिवसांत कराड-पाटण पट्ट्यात हमखास पंक्चर व्हायची. बैलगाड्या कारखान्याला जायच्या आणि बैलांच्या पत्र्यांचे खिळे रस्त्यावर पडायचे. चपटं डोकं, बोटाच्या पेराएवढी लांबी. असाच एक खिळा घेऊन मी पहिल्यांदा अण्णाच्या दुकानात गाडी ढकलत नेली. पंक्चरवाले नजर चुकवून टोच्यानं ट्यूबला आणखी दोन भोकं पाडतात, हे मी ऐकून होतो. म्हणून बाकावर न बसता त्याच्या डोक्यावर उभा राहिलो. हे त्याच्या लक्षात आलं. राग न धरता त्यानं घमेलं माझ्या बाजूला सरकवलं आणि म्हणाला, "बघ साहेब. बघायलाच पाहिजे."

ट्यूब पाण्यात बुडवून तो वीत-वीत पुढं सरकवत होता. एका जागी बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. त्यानं तिथं खूण केली, आणि थांबला नाही. उरलेली ट्यूब फिरवली, मग वॉल्व्हचं बूड पाण्यात धरलं, मग पुन्हा एक पूर्ण फेरा. मी म्हटलं, "अरे, सापडलं ना?" तो म्हणाला, "एक सापडलं." मग कानशीनं घासणं, सोल्यूशन लावणं, ते सुकेपर्यंत फुंकर न मारता वाट बघणं. ट्यूब आत घालण्याआधी त्यानं माझा हात धरून टायरच्या आतून फिरवला. बोटाला टोचलं. खिळ्याचं टोक मोडून आत राहिलं होतं. ते तसंच राहिलं असतं, तर कराड सोडाच, मी वाटेतलं शिरगावही गाठलं नसतं.

दहा रुपये झाले. मी ते दिले आणि निघालो. आभार मानल्याचं मला आठवत नाही.

पुढची कबुली जास्त अवघड आहे. कंपनी किलोमीटरमागं पैसे द्यायची, त्यात पेट्रोल आणि गाडीची झीज दोन्ही आलं. मी झिजेचे पैसे खिशात टाकायचो. शिवाय सगळ्या डॉक्टरांना भेटायचोच असं नाही. न भेटलेल्यांची नावंही रोजच्या रिपोर्टात लिहायचो. सगळेच लिहितात, अशी मी माझी समजूत घातली होती. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात मागच्या टायरचा पार गोटा झाला होता. अण्णानं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तर नक्षीच्या खोबणीत नख घालून दाखवलं. नख कुठंच अडकत नव्हतं. "साहेब, टायर खलास. पाऊस यायच्या आधी बदल." मी हसून म्हटलं, "तुझा धंदा आहे अण्णा, तू सांगणारच."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात घाटात पहिला पाऊस पडला. पहिला पाऊस मुसळधार पावसापेक्षा वाईट. वर्षभराचं ऑइल आणि धूळ रस्त्यावरून वाहून गेलेली नसते, नुसती भिजून वर येते. एका डाव्या वळणावर मी मागचा ब्रेक दाबला. मागचं चाक पुढं यायला लागलं, एवढंच कळलं. सॅम्पलची बॅग दरीच्या बाजूला गेली आणि मी डोंगराच्या बाजूला. उलटं झालं असतं तर हे लिहायला मी नसतो. गळ्याजवळचं हाड मोडलं. एका ट्रकवाल्यानं मला आणि गाडीला खाली आणलं. ज्या डॉक्टरांकडं त्यानं मला नेलं, त्यांना त्या महिन्यात तीनदा भेटल्याचं मी रिपोर्टात लिहिलं होतं. त्यांच्या दवाखान्याची पायरी मी त्या दिवशी पहिल्यांदा चढलो. ते विचारत होते, "कुठल्या कंपनीत?" आणि मला उत्तर देववत नव्हतं. त्यांना वाटलं, दुखतंय.

पाच आठवड्यांनी अण्णाकडून गाडी आणायला गेलो, तर मागं नवा टायर. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की शेवटी यानं टायर गळ्यात मारलाच. अण्णानं गल्ल्यातून बिल काढलं. बाजारातल्या एका दुकानाचं, छापील किमतीचं. वर एक रुपया नव्हता. तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्या खोपटात नीट पाहिलं. हवेची टाकी, टायर उचकटायच्या पट्ट्या, घमेलं, सोल्यूशनचे डबे, जुन्या ट्यूबांचा ढीग. नवा टायर एकही नव्हता. तो टायर विकतच नव्हता. दोन वर्षं मी तिथं जात होतो आणि एवढंही मला दिसलं नव्हतं.

त्या दिवशी मी बाकावर बसलो आणि खरं सांगायचं तर गाडी शिकायला तिथून सुरुवात केली. हवा सकाळी, गाडी थंड असताना बघायची. चालून गरम झालेल्या टायरात आकडा चढलेला दिसतो आणि आपण फसतो. नवा टायर गुळगुळीत असतो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर त्याला वळणावर झोपवायचं नाही. वॉल्व्हचा नट रिमला घट्ट आवळायचा नाही. हवा कमी असली की टायर रिमवर थोडाथोडा सरकतो, ट्यूबला ओढतो. नट सैल असेल तर वॉल्व्ह तिरका झालेला दिसतो, घट्ट असेल तर तो बुडाशी फाटतो. यातलं काही त्यानं शिकवायचं म्हणून शिकवलं नाही. काम करताना पुटपुटायचा, तेही मोडक्या मराठीत. डोक्यावर उभा होतो तेव्हा मला त्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं.

रिपोर्टाचंही सांगून टाकतो. खोटी नावं लिहिणं मी बंद केलं. अण्णाला यातलं काही माहीत नव्हतं, आजही नसेल. पण सगळे पंक्चरवाले भोकं पाडतात असं मीही म्हणत होतोच, आणि एकजण घमेलं पुढं सरकवून 'बघ' म्हणाला होता. लिहायला बसलो की ते पाणी डोळ्यांपुढं यायचं. त्या वर्षी माझे आकडे पडले, साहेबांची बोलणी खाल्ली.

माणूस एवढ्यानं सुधारतो असं नाही. 2010 साली मी पल्सर घेतली. तिला ट्यूबलेस टायर. स्पोकच्या चाकात प्रत्येक स्पोकच्या भोकातून हवा जाऊ शकते म्हणून ट्यूब लागते. अलॉयच्या अखंड रिमला ती लागत नाही. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, भोकात रबरी पट्टी टोचून पाच मिनिटांत वाट धरता येते. ते किट मी सीटखाली ठेवलं आणि अण्णाला म्हटलं, "आता तुझी गरज संपली." गमतीनं म्हटलं, असं मी आजवर सांगत आलो. पुढचे सात-आठ महिने नाक्यावरून जाताना मी नुसता हॉर्न वाजवून जात होतो, हे त्या गमतीत बसत नाही.

पुढच्या पावसाळ्यात खडीच्या धारेनं टायर बाजूनं फाटला. बाजूच्या भिंतीला पट्टी चालत नाही. तिथं टायर दर फेऱ्याला वाकतो आणि पट्टी बाहेर फेकतो. संध्याकाळ झालेली, किट हातात, आणि नाका अर्ध्या किलोमीटरवर. ढकलत गेलो. अण्णानं काही आठवण करून दिली नाही. आतून जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे गेटर, बसवला, त्यावर ट्यूब घातली आणि म्हणाला, "घरापर्यंत. चाळीसच्या वर नको." पैसे नेहमीच्या दरानं घेतले. वेळीअवेळी लागेल म्हणून मी त्याचा नंबर मागितला आणि मोबाइलमध्ये टाइप केला, 'अण्णा पंक्चर'. त्याला मराठी बऱ्यापैकी वाचता यायचं. "पंक्चर कशाला?" तो म्हणाला. "नाव लिही." आणि त्यानं नाव सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही, कारण छापून आलेलं त्याला आवडणार नाही. तो मूळचा कण्णूर जिल्ह्यातला, आणि त्याच्याकडं थोरल्या भावाला एट्टन म्हणतात, हेही त्याच दिवशी कळलं. त्यानं दुकानासमोरच्या हायवेकडं बोट केलं. "हाच रोड. सरळ. माझ्या घरासमोर." रोज ज्या रस्त्यावर मी पाण्याची बाटली घ्यायला थांबायचो, तो त्याला घराचा रस्ता म्हणून दिसत होता. त्या दिवसापासून मी त्यांना 'तुम्ही' म्हणायला लागलो.

पुढं बढती मिळून पुण्याला आलो, हिमालयन घेतली, लांबच्या फेऱ्या सुरू झाल्या. बरोबरची तरुण पोरं मला जाणकार समजतात. म्हणून मनालीहून लेहला जातानाचा एक प्रसंग सांगितला पाहिजे. गाटा लूप्सची एकवीस वळणं चढून वर आलो आणि मागचं चाक बसलं. हिमालयनला स्पोकची चाकं, आत ट्यूब. अण्णा म्हणायचे, "पट्टी कमी, पाय जास्त." टायरची एक बाजू पायांनी दाबून रिमच्या मधल्या खोबणीत उतरवली, की दुसरी बाजू आपोआप सैल होते. वाऱ्यात आणि थंडीत मी पाय विसरलो आणि पट्ट्यांनी जोर केला. रेनकोटची टोपी उलटी धरून तिच्यात बाटलीतलं पाणी ओतलं, भोक सापडलं, पॅच लावला, चाक चढवलं, पंप मारला. दहा मिनिटांत चाक पुन्हा खाली. सगळं पुन्हा उघडलं. दुसरं भोक माझ्याच पट्टीनं ट्यूब चावून पडलं होतं. पण ती पुरती फिरवली असती तर चाक चढवण्याआधीच दिसलं असतं. एक सापडल्यावर मी थांबलो होतो. पोरं म्हणाली, काका, होतं असं. त्यांना मी काही सांगितलं नाही.

22 जुलै 2021 ला चिपळुणात महापूर आला. टीव्हीवर बुडालेल्या बाजारपेठेची चित्रं मी पाहिली आणि अण्णांना फोन केला तो चौथ्या दिवशी. आधीचे तीन दिवस सुचलंच नाही, दुसरं कारण नाही. फोन बंद. दुसऱ्या आठवड्यात जाऊन पाहिलं, तर खोपट उभं होतं. आत गुडघाभर गाळ, हवेच्या टाकीच्या मोटरमध्ये चिखल. अण्णा एका डब्यात रॉकेल घेऊन पट्ट्या धूत बसले होते. एकेक पट्टी बुडवायची, फडक्यानं पुसायची, उजेडात धरून बघायची. मी शेजारी बसून पुसू लागलो. सव्वीस पट्ट्या होत्या. त्या दिवाळीला ते कायमचे गावी गेले. खोपटाची जागा पुढं हायवेच्या चौपदरीकरणात गेली.

डिसेंबर 2022 मध्ये मी त्याच रस्त्यानं खाली गेलो. सावंतवाडी, गोवा, कारवार. मरवंत्याला एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला नदी. मग उडुपी, मंगळूर, कासरगोड. आठशेच्या वर किलोमीटर. अण्णांच्या दारात पोचलो तेव्हा तिथंही रस्ता रुंद होत होता. समोरची भिंत आणि नारळाची चार झाडं गेली होती, ओसरीपासून दहा पावलांवर यंत्रं चालू होती. ज्या रस्त्यानं तिकडं दुकानाची जागा घेतली, त्यानंच इकडं अंगण घेतलं. ते यावर हसले. मी जरा घुटमळत 'एट्टन' अशी हाक मारून पाहिली. त्यावर जास्त हसले. "अण्णाच बरं," म्हणाले.

चहा यायच्या आत ते गाडीपाशी उकिडवे बसले. पुढचं चाक हातानं फिरवलं. मागच्या टायरच्या खोबणीत नख घातलं, अडकलं. मग चष्मा लावून टायरच्या भिंतीवरचे चार आकडे शोधले. 3118. 2018 सालचा एकतिसावा आठवडा. खोबणीच्या तळाशी केसाएवढ्या भेगा होत्या, त्या मला दिसल्या नव्हत्या.

"बदल," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर मंगळूरला टायर बदलून घेतला. पुण्यापर्यंत थांबलो नाही.