खोल हा शब्द कसा लिहावा

शनिवारी आमची सकाळची शाळा असते आणि शेवटचा तास कार्यानुभवाचा असतो. मागल्या वर्षी या तासाला आम्ही मातीची फळे केली, कागदाचे पंखे केले. यंदा गुरुजींनी अक्षरे दिली. ते म्हणाले, "शब्द असा लिहा, की वाचायच्या आधीच तो काय आहे ते दिसलं पाहिजे." आम्हांला हसू आले. शब्द दिसतोच की! न दिसता कसा वाचणार?

मग त्यांनी फळ्यावर 'डोंगर' लिहिले. शिरोरेषा सरळ न ओढता वर चढवली, खाली उतरवली, पुन्हा चढवली. अनुस्वाराचा टिंब मोठा गोल काढून पिवळ्या खडूने भरला. तो झाला सूर्य. वर्गात एकदम आवाज झाला, "आत्ता कळलं!"

गुरुजींनी सांगितले, की आपली मराठी अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात, दोरीवर धोतर वाळत घालतात तशी. म्हणून आपल्याला ती रेघ वाकवता येते, तोडता येते, झुलवता येते. त्यांनी बोरू तासून दिले. बोरूचे टोक तिरपे कापले, की दाब न देताही रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते. आम्ही 'पाऊस' तिरपा लिहिला, 'थंडी' हात थरथरवून लिहिली, 'झोपाळा' मधले झोपा दोराला लोंबकळत ठेवले. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने 'लाजाळू' इतके बारीक लिहिले, की गुरुजींना चष्मा पुसावा लागला.

हे काम मोठी माणसेही करतात. कमल शेडगे नावाचे मोठे चित्रकार होते. ते २०२० साली वारले. वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिराती येत, त्यांतली नाटकांची नावे ते अशी रेखाटीत, की नाटक हसायचे की रडायचे ते नावावरून समजे. आणि शाळेच्या संगणकावर मंगल नावाचे अक्षर आहे ना, ते र. कृ. जोशी यांनी तयार केले. मला वाटे अक्षरे संगणकातच उगवतात.

आता विहिरीचे सांगते.

मळ्याच्या वाटेला एक पडकी विहीर आहे. तिचा कठडा ढासळला आहे. पावसाळ्यात काठावर कमरेएवढे गवत माजते, मग विहीर आहे हेच कळत नाही. मागल्या श्रावणात आमच्या शेजारच्यांचे करडू तीत पडले. दोर सोडेपर्यंत ते बुडाले. त्याच वाटेने पहिलीतली मुले बोरं वेचायला जातात. म्हणून गुरुजींनी विचारले, "तिथं पाटी लावायची तर एकच शब्द कुठला?" कोणी 'धोका' म्हणाले, कोणी 'सावधान'. पण पहिलीतल्या मुलांना 'सावधान' म्हणजे कवायत वाटते! शेवटी 'खोल' ठरला. दोनच अक्षरे, जोडाक्षर नाही.

आम्ही चार कागद केले. पहिल्यावर जाड बोरूने काळेभोर साधे 'खोल' लिहिले. दुसरा मुलांनी केला. त्यांनी शिरोरेषा म्हणजे जमीन धरली. 'खो' नंतर ती तोडली आणि 'ल' पार कागदाच्या तळाशी टाकला. मला हा फार आवडला. तिसऱ्यावर खोल, खोल, खोल असे एकाखाली एक, लहान लहान होत गेले. चौथा माझा. आपला मराठी ल पाकळ्यांचा असतो. तो तसाच लिहायचा असे शासनाने २००९ साली ठरवून दिले आहे. मी त्याचा देठ दोरासारखा लांबच लांब ओढला आणि पाकळ्या खाली पोहऱ्यासारख्या टांगल्या.

मग पहिलीतल्या नऊ मुलांना एकेक करून बोलावले. गुरुजींनी बजावले होते, 'वाच' म्हणायचे नाही, 'इथं जाशील का?' एवढेच विचारायचे.

साधा कागद दोघांनी बोट ठेवून वाचला. बाकीची नुसती बघत राहिली. दुसऱ्या कागदाची फार गंमत झाली. मुलांनी वरचे 'खो' वाचले, खालचा ल कोणी पाहिलाच नाही, आणि एक मुलगा "खो!" म्हणून दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारून पळाला. तिसऱ्याला मुले वाकली, नाक कागदाला लागेपर्यंत वाकली, कारण शेवटचा खोल बारीक होता. ते बघून गुरुजी गप्प झाले. म्हणाले, "काठावरची पाटी वाचायला पोर जवळ आलं तर काय उपयोग?" हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आले नव्हते. कागदावर चांगले दिसणे वेगळे आणि विहिरीवर चांगले असणे वेगळे.

माझा कागद बघून सहा मुले म्हणाली, "विहीर आहे, नाही जाणार." पण एक मुलगी म्हणाली, "जाईन की, पाणी काढीन." तिला पोहरा दिसला ना!

घरी मी तो आजीला दाखवला. आजी शाळेत कधी गेली नाही. कागद लांब धरून म्हणाली, "ही तर हीर हाय. पव्हरा सोडलाय कुणीतरी." मी म्हटले, "आजी, हा ल आहे." ती म्हणाली, "असंल बाई." दोन दिवसांनी ती तिथी बघायला मला हाक मारत होती. मी गेले तर भिंतीवरच्या कालनिर्णयवर तिचे बोट. "पोरी, तुझं हिरीतलं अक्षर इथं कसं गं आलं?" खरेच, काल मधला ल! मी तिला मग साखरेच्या पिशवीवर, बसच्या तिकिटावर ल शोधायला लावले. आता ती रोज शोधते आणि आईला स्वयंपाक करू देत नाही.

मी हे शाळेत सांगितले तेव्हा वाद झाला. मुले म्हणतात, चित्रच दिसायचे तर अक्षर कशाला, सरळ विहीर काढा. गुरुजी म्हणतात, वाचता आले नाही तर तो शब्दच नव्हे. मला दोघांचे थोडे थोडे पटते. पण नुसती विहीर काढली असती तर आजीला ल कुठे सापडला असता?

आमच्याकडे पत्रा एकच आहे आणि लाल तैलरंगाचा डबा अर्धाच. म्हणून चारही कागद या लेखाखाली डकवले आहेत. आलेल्या पालकांनी ते बघावेत. बरोबर धाकटी भावंडं असतील तर त्यांना आधी दाखवावेत आणि 'हे वाच' म्हणू नये. 'इथं जाशील का?' असं विचारावं. जे उत्तर येईल ते शेजारच्या फळ्यावर खडूने लिहावे, खडू खिडकीत ठेवला आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी पत्रा रंगवायचा आहे. कठडा कधी होईल ते मोठ्यांनी सांगावे.

(इयत्ता ४ थी)