मान किती ताठ असावी?

तुमच्याही घरात कपाटावर किंवा माळ्यावर अशी एखादी वस्तू असेल, जिच्याबद्दल विचारलं की घरचे विषय बदलतात. आमच्या घरी ती वस्तू म्हणजे बाबांची बेस गिटार.

बेस म्हणजे चार जाड तारांची, खर्जात बोलणारी गिटार. गाण्यात ती वाजत असते तेव्हा आपलं लक्षही जात नाही. थांबली की गाणं पोकळ वाटतं. बाबा नव्वदच्या दशकात सांगलीतल्या एका ऑर्केस्ट्रात ती वाजवायचे. गणपतीचे दहा दिवस ते घरी फक्त झोपायला यायचे, असं आई सांगते. पुढे कीबोर्डवाला डाव्या हातानंच बेस वाजवू लागला, मग तयार ट्रॅक आले आणि बाबांची गिटार कपाटावर गेली. आम्हाला सांगितलेली गोष्ट एवढीच होती.

मी पुण्यात कंटेंट रायटर आहे. गेल्या वर्षी बाबांची साठी होती. म्हटलं, गिटार दुरुस्त करून त्यांना चकित करू या. सांगलीला गेले तेव्हा ते बाजारात गेल्याचं पाहून मी पेटी खाली काढली. तारा पट्टीपासून इतक्या वर आल्या होत्या की दाबताना बोटं दुखत होती. गिटारची मान पुढे वाकली होती.

असं का होतं, ते मी वाचून काढलं. बेसच्या चार तारांचा मिळून ताण ७० ते ८० किलोच्या आसपास असतो. हा ताण रात्रंदिवस मानेला पुढे ओढत राहतो. त्याला तोंड द्यायला मानेच्या आत पोलादी सळई बसवलेली असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. हवी तशी कमी-जास्त घट्ट करता येणाऱ्या अशा सळईचं पेटंट अमेरिकेत गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ मध्ये मिळालं. सळईच्या टोकाला एक नट असतो. तो आवळला की मान मागे येते, सैल केला की पुढे जाते.

दोन व्हिडिओ पाहिले आणि मला वाटलं, एवढंच ना! सायकलच्या पान्यांमधली साडेचार मिलिमीटरची अ‍ॅलन की घेतली. नट होता इंची मापाचा, ३/१६ इंच, म्हणजे ४.७६ मिलिमीटर. फरक फक्त पाव मिलिमीटरचा. तारा सैलही न करता मी सगळा जोर लावला. खट् आवाज आला आणि किल्ली गरगर फिरायला लागली. नटाचं सहा कोनांचं भोक गोल झालं होतं.

मग मी काय केलं असेल? वरचं झाकण लावलं, स्क्रू पिळले आणि पेटी होती तिथे ठेवून दिली. विषय बदलणाऱ्यांच्या घरात आणखी एकीची भर पडली.

आठ-दहा दिवस नीट झोप लागली नाही. पुढच्या सुट्टीत बाबांना म्हटलं, “गिटारच्या तारा बदलून आणते.” ते पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, “तारा बदलून काय होणार आहे?” त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

मी मिरजेला गेले. तिथल्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. बेस गिटार हे काही तिथलं वाद्य नव्हे, पण लाकूड आणि तार यांचं भांडण तिथल्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. एका वयस्कर चाचांनी गिटार मांडीवर घेतली. सगळ्यात आधी चारही तारा सैल केल्या. मग बॅटरी लावून नटात पाहिलं.

“तुझे ओरखडे ताजे आहेत, चमकतायत,” ते म्हणाले. “पण खालच्या कडा आधीच झिजल्यात. त्यावर गंज चढलाय. हे फार जुनं काम आहे, बेटा. आधी कुणी हात लावला होता?”

मी तिथूनच बाबांना फोन केला आणि माझं सगळं सांगून टाकलं. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग म्हणाले, “तू नाही मोडलंस. मीच मोडलं होतं.”

एका विसर्जनाच्या आदल्या रात्री मांडवामागे घाईघाईत, चुकीच्याच किल्लीनं. ती गिटार आजोबांनी पतपेढीचं कर्ज काढून घेऊन दिली होती. हप्ते चालू होते. आपण ती बिघडवली हे सांगायची बाबांची हिंमत झाली नाही. त्यानंतर दोन वर्षं ते बोटांना फोड येईपर्यंत उंच तारांवर वाजवत राहिले. कीबोर्ड आला तेव्हा त्यांना वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही.

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः माझ्याबरोबर मिरजेला आले.

चाचांनी नटावर तेलाचे दोन थेंब रात्रभर मुरू दिले होते. झिजलेल्या भोकात किंचित मोठं टोक हलकेच ठोकून बसवलं आणि नट उलटा फिरवला. सुटला! आतल्या सळईचे आटे शाबूत होते. ती तुटली असती, तर वरची पट्टी उचकटावी लागली असती किंवा अख्खी मान बदलावी लागली असती. पुढचं काम मी जन्मभर विसरणार नाही. पट्टीवर एक जाड सरळ दांडा ठेवून त्याच्या दोन्ही टोकांखाली ठोकळे दिले आणि मधोमध क्लॅम्प लावून मान हळूहळू सरळ केली. मगच नवा नट चढवला, तोही बोटांच्या जोरानं आणि वर पाव फेरा.

“नटानं ओढायचं नसतं,” चाचा म्हणाले. “दांडी आपण आधार देऊन सरळ करायची. नटानं ती फक्त धरून ठेवायची.”

“अगदी सरळ?” मी विचारलं.

“छे! तार मधोमध जास्त हलते. तिला जागा नको? मान फार ताठ झाली की तार पडद्यावर घासून भुणभुणते.” मधल्या पडद्यापाशी व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट त्यांनी ठेवली.

तुमच्याकडेही असं जुनं वाद्य असेल तर एवढं करा. नटाला हात लावण्याआधी तारा सैल करा. बरोबर मापाची किल्ली घ्या. एका वेळी पाव फेऱ्याच्या पुढे जाऊ नका. नट अडला तर जोर लावू नका, जाणकाराकडे जा. आणि चुकून काही बिघडलंच, तर झाकण लावून ठेवू नका.

बाबा आता रोज संध्याकाळी वीस मिनिटं वाजवतात. बोटं मऊ पडल्यामुळे त्याहून जास्त जमत नाही. जुना नट पेटीच्या कप्प्यात ठेवलाय. कुणी आलं की तो हातावर घेऊन दाखवतात आणि म्हणतात, “हा आम्ही बापलेकींनी मिळून बिघडवला.”